माहात्म्य आणि स्थानपोथी : वाशीम जिल्ह्यातील जलप्रवाह व शालेय नोंदवहीची मराठी

१

शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या गावाजवळच्या नदीनाल्यांची नियमित पाहणी करावी, त्यांच्या पाण्याचा कस तपासावा आणि त्यांची निगा राखावी, हा विचार शिक्षणक्षेत्रात आता नवा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणक्रमात अनिवार्य असावा असे सांगितले. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना ‘परिसर अभ्यास’ आहे, नववी-दहावीच्या वर्गांसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय आला आहे, आणि अनेक शाळांतून राष्ट्रीय हरित सेनेची पथके स्थापन झाली आहेत. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून राज्य शासनाने ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले, त्यात प्रारंभी ७५ नद्यांचा समावेश होता. या सर्व उपक्रमांचे गुणदोष शिक्षणशास्त्रज्ञ व जलतज्ज्ञ आपापल्या परीने तपासतातच. तथापि त्यांची एक बाजू अद्याप पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही, आणि ती भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेतील आहे. विद्यार्थी ओढ्याकडे पाहतो डोळ्यांनी; परंतु त्याने पाहिलेले टिकून राहते ते नोंदवहीत, आणि नोंद ही सर्वस्वी भाषिक कृती होय. ही नोंद कोणत्या मराठीत केली जाते, आणि त्या मराठीत प्रवाहाचे वास्तव कितपत मावते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी वाशीम जिल्हा घेतला आहे, कारण तेथील भूगोल व तेथील बोली या दोहोंमुळे हा प्रश्न विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

२

जलाशयांविषयी लिहिण्याच्या दोन परंपरा वऱ्हाडच्या भूमीवर फार पूर्वीपासून दिसतात. पहिली माहात्म्याची. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त ज्या ‘वच्छोमी’ रीतीचा उल्लेख येतो तिचे नावही याच नगरावरून पडले. या नगराचे ‘वत्सगुल्ममाहात्म्य’ हे संस्कृत स्थलपुराण तेथील १०८ तीर्थांचा महिमा सांगते. पद्मतीर्थ हे त्यांपैकी आजही सर्वपरिचित आहे. माहात्म्याची शैली फलश्रुतीची असते. तीर्थ पवित्र आहे, तेथे स्नान करावे, केल्याने अमुक पुण्य लाभते, अशी तिची वाक्यरचना असते. तीर्थाच्या पाण्याची खोली किती, उन्हाळ्यात ते कुठवर उतरते, याची चौकशी करण्याचे माहात्म्यकाराला प्रयोजन नसते, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही.

दुसरी परंपरा महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची. श्रीचक्रधरांनी जेथे जेथे वास्तव्य केले त्या स्थानांची ही गद्य नोंद आहे. तिचा हेतू पूर्णतः श्रद्धेचा. परंतु तिची पद्धत मोजणीदाराची आहे. स्थान गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाच्या कोणत्या अंगाला, नदीच्या कोणत्या तीरावर, हे ती नेमकेपणाने सांगते, जेणेकरून पुढे येणाऱ्या माणसाला तीच जागा निःसंशय सापडावी. मराठी गद्य आपल्या आरंभकाळीच अशा स्थलनिष्ठ, निर्देशक लेखनास समर्थ झाले होते, याचा हा भक्कम पुरावा होय.

आजच्या शालेय जलविषयक लेखनाकडे या दोन परंपरांच्या प्रकाशात पाहिले असता असे आढळते की, त्याचा विषय विज्ञानाचा असला तरी त्याची शैली माहात्म्याची आहे. ‘पाणी हेच जीवन आहे’ हे त्याचे मंगलाचरण, ‘पाण्याचा अपव्यय टाळावा, जलस्रोत स्वच्छ ठेवावेत’ हा त्याचा विधी, आणि ‘अन्यथा पुढील पिढ्यांना पाणी मिळणार नाही’ ही त्याची उलटी फलश्रुती. निबंध, घोषवाक्ये, फलक, प्रतिज्ञा या सर्व प्रकारांत आज्ञार्थ व विध्यर्थ यांचे राज्य आहे. निर्देशार्थी वाक्य, म्हणजे अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक दिसले असे सांगणारे साधे विधान, त्यांत क्वचितच येते. ज्याने कधीही ओढा पाहिलेला नाही अशा विद्यार्थ्यालाही हा निबंध उत्तम लिहिता येतो. याहून अधिक गंभीर आक्षेप त्यावर घेता येणार नाही.

सर्वच घोषवाक्ये सारख्याच योग्यतेची नाहीत, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यात आज्ञार्थच आहे. परंतु ‘अडवणे’ आणि ‘जिरवणे’ ही दोन्ही क्रियापदे शेतकऱ्याच्या अनुभवातील असून त्यांतून जमिनीत प्रत्यक्ष काय घडते ते समजते. ‘पुनर्भरण’ या शब्दाने तेवढे चित्र उभे राहत नाही. ‘चला जाणूया नदीला’ या नावातही एक लक्षणीय विशेष आहे. मराठीत निर्जीव कर्माला सहसा ‘ला’ प्रत्यय लागत नाही. ‘पुस्तक वाचले’, परंतु ‘मुलाला पाहिले’ असे आपण म्हणतो. ‘नदीला’ या एका रूपाने नदी सजीवांच्या पंक्तीत येऊन बसते. पण परिचयाच्या या निमंत्रणानंतर पुढचे वाक्य कोणते, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर नोंदवहीने द्यावयाचे आहे.

३

नोंदवहीचा जो नमुना आज जगभर प्रचारात आहे त्याची मुळे अमेरिकेत आहेत. १९८४ साली मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे ह्यूरॉन नदीत जलक्रीडा करणाऱ्या काही शाळकरी मुलांना संसर्गजन्य कावीळ झाली. त्यानंतर तेथील ह्यूरॉन हायस्कूलचे विद्यार्थी व मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी मिळून नदीच्या पाण्याची तपासणी हाती घेतली. त्यातून १९८९ मध्ये नद्यांविषयीच्या शिक्षणाचे एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. मार्क मिचेल व स्टॅप यांनी लिहिलेली क्षेत्रीय तपासणीची मार्गदर्शिका या चळवळीचा आधारग्रंथ ठरली. तिच्यात नऊ चाचण्या आहेत : विरघळलेला प्राणवायू, विष्ठाजन्य जिवाणू, सामू, जैविक प्राणवायूची मागणी, तापमानातील फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घनपदार्थ. प्रत्येकीस ठरावीक भार देऊन शंभरापैकी एक निर्देशांक काढला जातो. प्राणवायूचा भार सर्वांत अधिक, म्हणजे १७, तर घनपदार्थांचा सर्वांत कमी, म्हणजे ७ आहे.

या ग्रंथाचे मोल मोठे आहे. विद्यार्थ्याची नोंद ही शोभेची वस्तू नसून पुरावा असू शकते, हे त्याने दाखवून दिले. परंतु कोणत्याही पद्धतीत तिच्या जन्मभूमीचा भूगोल गृहीत धरलेला असतो, आणि तो अन्यत्र तसाच लागू पडत नाही. वरील तापमानाची चाचणी पाहावी. तीत पाण्याचे नुसते तापमान घ्यावयाचे नसून सुमारे एक मैल वरच्या अंगाच्या पाण्याशी त्याची तुलना करावयाची असते. म्हणजे दोन्ही ठिकाणी पाणी असले पाहिजे, आणि ते वरून खाली वाहत आले पाहिजे. पारदर्शकता मोजण्याची पांढरी तबकडी घ्यावी. १८६५ साली अँजेलो सेक्की यांनी ती समुद्रासाठी योजली. घोटाभर पाण्याच्या नाल्यात ती सोडली तर ती तळाशी जाऊन स्वच्छ दिसत राहते, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता वाशीम जिल्ह्याकडे वळावे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा काळ्या पाषाणाच्या पठारावर, तापी व गोदावरी या दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसला आहे. काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेस मिळते आणि तापीच्या वाटेने तिचे पाणी अरबी समुद्रास जाते. अडाण व अरुणावती आग्नेयेकडे वाहत जाऊन पैनगंगेच्या परिवारात सामील होतात. ते पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. याचाच दुसरा अर्थ असा की, पैनगंगेसारखा अपवाद सोडल्यास येथील बहुतेक प्रवाह उगमाजवळचे, म्हणून लहान आणि ऋतुमानावर अवलंबून असलेले आहेत. पावसाळ्यात लोंढा, हिवाळ्यात बारीक धार, फाल्गुन-चैत्रात सुटे सुटे डोह आणि वैशाखात कोरडी रेती, असे त्यांचे वर्ष असते.

अशा प्रवाहाच्या काठी परदेशी नमुन्याचा तक्ता घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला वर्षातील निम्मे महिने रकाने रिकामे सोडावे लागतील. येथे रिकामा रकाना व ‘कोरडे’ ही नोंद यांत महत्त्वाचा भेद आहे. रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहिले नाही. ‘कोरडे’ म्हणजे पाहिले, आणि पाणी नव्हते. गणितात शून्याला जे स्थान आहे तेच या नोंदीत ‘कोरडे’ या शब्दाला आहे. ओढा कोणत्या आठवड्यात वाहायचा थांबला, कोणता डोह सर्वांत शेवटी आटला, हीच वाशीमच्या प्रवाहांविषयीची सर्वांत मोलाची माहिती होय, आणि तिच्यासाठी रसायनांची पेटी लागत नाही, शब्द लागतात.

४

हे शब्द वऱ्हाडात आहेत. किंबहुना प्रमाण भाषेने ज्या छटा गमावल्या किंवा धूसर केल्या त्या तेथील बोलीत शाबूत आहेत. ‘नाला’ हाच शब्द घ्यावा. पश्चिम महाराष्ट्रात जेथे ‘ओढा’ म्हणतात तेथे वऱ्हाडी माणूस ‘नाला’ म्हणतो. त्या शब्दात कमीपणाचा भाव नाही. शहरी मराठीत मात्र ‘नाला’ म्हणजे सांडपाण्याचा मार्ग असा अर्थ रूढ झाला आहे. पाठ्यपुस्तकातील ‘नाले-गटारे’ हा जोडशब्द वाचणारा मंगरूळपीर किंवा मानोरा तालुक्यातील मुलगा आपल्या शेताकडेच्या जिवंत प्रवाहाला नकळत गटाराच्या वर्गात ढकलतो. शब्दाचा अर्थ असा घसरला की वस्तूचा दर्जाही घसरतो. गटाराची निगा कोणी राखत नाही.

क्रियापदांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. प्रमाण मराठीत जेथे ‘असते’ हे रूप येते तेथे वऱ्हाडीत ‘राहते’, उच्चारी ‘रायते’, हे रूप सर्रास आढळते. ‘डोहात पानी हाये’ म्हणजे आज आहे. ‘डोहात पानी रायते’ म्हणजे नेहमी असते. ऋतुमानाने बदलणाऱ्या प्रवाहाची नोंद करताना हा भेद कळीचा ठरतो, कारण पहिले वाक्य एका दिवसाचे निरीक्षण आहे, तर दुसरे अनेक वर्षांच्या लोकस्मृतीचे सार आहे. विद्यार्थ्याने पहिले स्वतः पाहून लिहावे, दुसरे आजोबांना विचारून लिहावे, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहावे. जेथे ‘रायते’ असे सांगितले जाते परंतु आज ‘हाये’ असे म्हणता येत नाही, तेथे काहीतरी बदलले आहे. संशोधनाचा प्रश्न तेथून सुरू होतो.

विशेषणांचा विचार केल्यास शालेय भाषेतील आणखी एक उणीव ध्यानात येते. ‘पाणी स्वच्छ आहे का?’ हा तपासणीतील नेहमीचा प्रश्न. परंतु ‘स्वच्छ’ या शब्दात दोन भिन्न गोष्टी मिसळल्या आहेत : डोळ्यांना तळ दिसणे आणि पाणी आरोग्यास निर्धोक असणे. मराठीत पहिल्या अर्थी ‘नितळ’ हा नेमका शब्द आहे. नितळ पाणी दूषित असू शकते, आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी केवळ मातीने गढूळ असू शकते. चवीसाठी ‘मचूळ’ आहे, गाळ खाली बसण्याच्या क्रियेला ‘निवळणे’ आहे. ही भेदक शब्दसंपदा बाजूला ठेवून ‘स्वच्छ’ व ‘अस्वच्छ’ या दोन कप्प्यांत सारे पाणी भरणे म्हणजे निरीक्षणाआधीच निकाल देणे होय. जिवाणूंच्या तपासणीसाठी जी साधी बाटली आज ग्रामीण भागात वापरली जाते, जिची पद्धत भारतीय संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केली, तिच्यात एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते दूषित समजावे असे असते. नितळ दिसणारे पाणी काळे पडताना विद्यार्थी पाहतो तेव्हा ‘नितळ’ व ‘निर्धोक’ हा अर्थभेद त्याला आपोआप उमगतो. तो लिहिण्यास शब्द मात्र हाती हवा.

५

याहूनही दूरगामी दोष वाक्यरचनेत आहे. ‘नदी प्रदूषित होते’, ‘पाण्याचा अपव्यय होतो’, ‘पात्रात अतिक्रमण झाले आहे’ ही पर्यावरणविषयक मराठीची ठरीव वाक्ये. त्या सर्वांत क्रिया आहे, परंतु कर्ता नाही. शासकीय परिभाषेने या प्रवृत्तीला आणखी बळ दिले : खोलीकरण, सरळीकरण, रुंदीकरण, सुशोभीकरण. ‘करण’ हे उत्तरपद लागले की क्रियापदाचे नाम होते, आणि कोणी केले, केव्हा केले, कोठवर केले, हे तिन्ही प्रश्न एकाच शब्दात गडप होतात. ‘नाल्याचे सरळीकरण’ हे शब्द वाचून मनात सुव्यवस्थेचे चित्र उभे राहते. ‘नाल्याची वळणे काढून टाकली’ असे लिहिले की वळणावरच्या डोहाचे काय झाले, हा प्रश्न लगेच सुचतो. वस्तुस्थिती एकच आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात विचाराला वाव आहे.

उदाहरणादाखल दोन नोंदी कल्पाव्यात. पहिली : ‘आमच्या गावातील नाला प्रदूषित झाला असून त्याचे संवर्धन करणे ही काळाची गरज आहे.’ दुसरी : ‘सोमवार, सकाळी आठ. पुलाच्या खालच्या अंगाला, डाव्या थडीला. धार बंद. डोहात गुडघाभर पाणी, हिरवे, तळ दिसत नाही. थडीवर फवारणीच्या औषधाचे तीन रिकामे डबे.’ पहिली नोंद कोणत्याही गावाला, कोणत्याही वर्षी लागू पडेल, म्हणूनच ती कोणत्याच गावाची नाही. दुसरीत मत एकही नाही. पण सोयाबीन-तुरीच्या त्या प्रदेशात कोणाशी काय बोलावयाचे, हे ती वाचणाऱ्या ग्रामसभेला समजेल. ती ‘स्थानपोथी’च्या कुळातील आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी त्याच थडीवर उभे राहून ती पडताळून पाहता येते, आणि पडताळता येणे हाच पुराव्याचा पहिला गुण आहे.

प्रवाहाची निगा राखण्याचा प्रश्न या ठिकाणी भाषेशी येऊन भिडतो. मोठ्या नद्यांवर शासनाची मापनकेंद्रे असतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु गावाच्या शिवेवरील लहान नाल्याची नोंद कोणाकडेच नसते. शाळेने ती ठेवली नाही तर ती कधीच ठेवली जाणार नाही. असा नाला बुजला किंवा वळवला गेला, तर तो तेथे होता हे सिद्ध करण्यास वृद्धांच्या आठवणींपलीकडे काही उरत नाही. विद्यार्थ्याच्या वहीतील दहा वर्षांच्या साध्या निर्देशार्थी वाक्यांना अशा वेळी जे मोल येईल ते शंभर घोषवाक्यांना येणार नाही.

६

या विवेचनावर एक सयुक्तिक आक्षेप घेता येईल. बोलीतील शब्द गावागणिक बदलतात; मग एका शाळेच्या नोंदींची दुसरीच्या नोंदींशी तुलना कशी करावयाची? विज्ञानाला समान परिभाषा हवी, आणि भाषा संचालनालयासारख्या संस्थांनी परिश्रमपूर्वक तयार केलेले परिभाषाकोश त्यासाठीच आहेत. आक्षेप खरा आहे. परंतु त्याने बोलीची हकालपट्टी सिद्ध होत नाही. मापाची भाषा समान असावी आणि वर्णनाची भाषा स्थानिक असावी, अशी विभागणी सहज करता येते. खोली सेंटिमीटरमध्येच लिहावी. डोहाचे नाव गाव म्हणते तेच लिहावे. सामू अंकात लिहावा, आणि ‘सामू’ हा शब्द माती परीक्षणामुळे शेतकऱ्यांच्या घरातही पोचलेला आहे, ही परिभाषेच्या यशाची एक सुखद साक्ष मानावी. प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी दहा मीटरांचे अंतर आखून एखादे संत्रे सोडावे व ते किती सेकंदांत पोचते ते पाहावे; संत्रे बरेचसे पाण्याखाली राहत असल्याने त्यावर वाऱ्याचा परिणाम कमी होतो. अंक सर्वांना समजेल असा, साधन विदर्भातील, आणि वर्णन मुलाच्या तोंडच्या शब्दांत, यात कोणताही विरोध नाही.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. मुलांच्या मोजमापात चुका होणार, हे उघडच आहे. त्यावर उपाय म्हणजे एकच जागा, एकच वेळ व एकच रीत कायम ठेवणे, आणि दोघांनी स्वतंत्रपणे मोजून दोन्ही आकडे लिहिणे. पूर असताना प्रवाहाजवळ न जाणे, शिक्षकांच्या देखरेखीवाचून पाण्यात न उतरणे, हे नियम तर सर्व पद्धतींच्या आधी येतात. ह्यूरॉन नदीच्या उपक्रमाचे मूळ मुलांच्या आजारपणात होते, हे विसरता येत नाही.

भाषेच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची व्यवस्थित दखल घेतली गेली. त्यानंतरही या बोलीचा अभ्यास झाला. पण वर्गात मात्र ती अशुद्ध लेखन म्हणूनच ओळखली जाते. ‘तळे’ला ‘तयं’ म्हणणाऱ्या मुलाच्या वहीत तांबड्या शाईची खूण उमटते, आणि पुढच्या खेपेस तो तळ्याविषयी काही न लिहिता पुस्तकातील वाक्य उतरवतो. शुद्धलेखन साधते, निरीक्षण हरपते. निबंधाच्या वहीत प्रमाण भाषेचा आग्रह योग्यच आहे. प्रवाहाच्या नोंदवहीत तो आग्रह दुय्यम ठरावा.

७

मराठी विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून कामाची एक दिशा सापडू शकेल. वाशीम जिल्ह्यातील जलवाचक शब्दांचा संग्रह करावयाचा, तर तो वैशाखात वेगळा व भाद्रपदात वेगळा निघेल, कारण अनेक शब्द ऋतूबरोबरच वापरात येतात व ऋतूबरोबरच मागे पडतात. कोशकाराच्या मेजावर बसून तो पूर्ण होणार नाही. एका नाल्याच्या काठची एक शाळा, तिचे वर्षभराचे नोंदीचे काम आणि त्या कामात मुलांनी सहजपणे वापरलेले शब्द, एवढे साहित्य एका प्रबंधिकेस पुरेसे आहे. शाळेला त्यातून नीटस नोंदवही मिळेल व भाषाशास्त्राला जिवंत सामग्री मिळेल.

वत्सगुल्माच्या १०८ तीर्थांची नावे टिकली ती माहात्म्यकाराने ती लिहून ठेवली म्हणून. त्यांतील प्रत्येकाची जागा आज निश्चितपणे दाखविता येईलच असे नाही, कारण महिमा सांगणे आणि ठिकाण सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. शाळेच्या नोंदवहीने दुसरे काम पत्करले, तरच काटेपूर्णेच्या व अरुणावतीच्या लहानलहान नाल्यांची वळणे आणि डोह पुढील पिढीला जागेवर जाऊन पडताळता येतील. मराठी गद्याने हे काम एकदा उत्तम रीतीने केलेले आहे. शाळांनी ते पुन्हा हाती घ्यावे, इतकेच सुचवावयाचे आहे.